आढ्यावरचा तितर

"पोत्यात काय घेऊन चाललास?" शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या थर्झाबाईंनी विचारलं.

"काडाचा चुरा," उतरता उतरता डेन्झिल म्हणाला.

"चुरा तर सकाळपासून खाली टाकतोयस. एवढाच पोत्यात कशाला?"

"बाई, चहा निवतोय माझा."

चहा कान तुटलेल्या कपात होता. चांगले कप थर्झाबाई विश्वासातल्या माणसांसाठी ठेवत, आणि तशी माणसं आता उरली नव्हती.

त्यांनी आयुष्यभर नवऱ्याची, सायलसची, शिडी धरली होती. इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या या खेड्यातली निम्मी घरं त्यानं गव्हाच्या काडानं शाकारलेली. काम संपलं की शाकारणारा आढ्यावर काडाचं जनावर बसवतो, ती त्याची सही. सायलसचा तितर असे. पुढं नवा माणूस शाकारायला आला, की जुनं जनावर उतरवून आपलं चढवतो, हा रिवाजच आहे. सायलस गेल्यावर गावभर डेन्झिलचे कोल्हे बसले. शेवटचा तितर उरला तो थर्झाबाईंच्या घरावर. छप्पर गळायला लागलं तेव्हा नाइलाजानं त्यांनी डेन्झिलला बोलावलं आणि बजावलं, "तितराला हात लावायचा नाही. आणि खालचा काळा थर काढायचा नाही."

"घराला धुराडं नव्हतं तेव्हाचा धूर खाल्लाय त्या थरानं," डेन्झिल म्हणाला होता. "तो काढला तर आई मला घरात घेणार नाही."

गोडबोल्या माणसावर थर्झाबाईंचा मुळीच भरवसा नव्हता.

गावातली सगळी जनावरं मावळतीच्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेली. हा तितर मात्र मान वळवून अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचा. लोक हसले तेव्हा सायलस म्हणाला होता, "ही जन्मभर माझ्यावर पाळत ठेवते. आता तो हिच्यावर ठेवील."

थर्झाबाईंनी पोतं हिसकावून घेतलं. आत मूठभर काळपट भुसा आणि हेझलच्या लाकडाची एक काठी होती. काठीवर सायलसच्या सुरीचे वार त्यांनी लगेच ओळखले; याच काठीवर तितर बसवलेला होता.

"हात लागला आणि हातातच सांडला," डेन्झिल खाली बघत म्हणाला. "सांगायचा धीर होईना, बाई."

"आणि तुझा कोल्हा?"

"गाडीत आहे. पण इथं नाही बसवत मी. राहू दे आढं मोकळं."

थर्झाबाईंचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

"बिनसहीचं छप्पर? लोक म्हणतील, कुण्या भुरट्याकडून शाकारून घेतलं!" त्यांनी काठी त्याच्यापुढे धरली. "हिच्यावर बसव. आणि नीट बसव, मी बघणार आहे."

शिडी त्यांनीच धरली. पण नजर वर गेली नाही.

ऊन कलल्यावर त्या अंगणात आल्या. नव्या पिवळ्या आढ्यावर कोल्हा बसला होता, अंग मावळतीकडे केलेलं. मान मात्र वळलेली, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

"मान वाकडी बसलीय त्याची," थर्झाबाई म्हणाल्या.

"बसलीय खरी," दोर गुंडाळत डेन्झिल म्हणाला. "सरळ करू?"

त्या आत गेल्या. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी एकदा वर पाहिलं, कपाळावरचे केस सारखे केले, आणि मग फळीवरून चांगला कप काढला.