एकतीस खोडून सत्तावीस

शाळेचं पत्र आलं तेव्हा मी वीस बश्या एका हातावर पंख्यासारख्या पसरून गिऱ्हाईक गोळा करत होतो. इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या बाजारात कपबश्या विकायच्या म्हणजे एवढा तमाशा करावाच लागतो. माझी बायको लिनेट समोरच्या चीजच्या गाळ्यावरून तरातरा आली आणि पत्र माझ्या नाकासमोर धरलं.

"वाच, रेज. आणि बश्या आधी खाली ठेव."

पत्र साखरेत घोळवलेलं होतं. अर्थ एवढाच, की आमच्या ब्रायोनीला इंग्रजी साहित्याच्या परीक्षेला बसवणार नाहीत. सराव परीक्षेत तिला दोनची श्रेणी पडली. एक म्हणजे तळ, नऊ म्हणजे आभाळ, त्यात दोन. तेव्हा तिने फक्त भाषेच्या पेपरावर लक्ष द्यावं. नावं शुक्रवारी बोर्डाकडे जाणार. खाली सही, पेनफोल्ड, इंग्रजी विभागप्रमुख.

आता पोरीला पुढे साहित्यच शिकायचं होतं, आणि परीक्षेला बसली नाही तर कॉलेज तिला दारात उभं करणार नव्हतं.

"दोन कशाबद्दल पडले?" संध्याकाळी घरी चहा घेताना मी विचारलं.

ब्रायोनीने पेपर टेबलावर आपटला. "सगळ्यांनी एकच वाक्य लिहायचं असतं, डॅड. 'लेखकाने अमुक शब्द वापरला आहे, त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं.' सर फळ्यावर लिहून देतात. अख्खा वर्ग तेच लिहितो."

"आणि तू?"

"मी लिहिलं, मला पुढे वाचावंसं वाटलं नाही. आणि का नाही ते दोन पानं लिहिलं."

मला इतकं हसू आलं की चहा नाकातून बाहेर आला. लिनेट म्हणाली, "बापावर गेलीय. भोग आता."

गुरुवारी संध्याकाळी सहाला शाळेत पालकांचा वर्ग होता. मुलांची तयारी घरी कशी करून घ्यायची ते पेनफोल्ड सर शिकवणार होते. सोबत मुलांना आणा, आणि एखादी छोटी कविता आणा, तीच सरावाला घेऊ, असं कळवलं होतं. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

माझ्या गल्ल्याच्या तळाशी पंचवीस वर्षं एक कागद चिकटून होता. जुन्या बाजाराची फरशी कोणी कधी पुसायची, त्याची यादी. छप्पर नवं झालं तेव्हा गाळ्यांचे नंबर बदलले, त्यामुळे ते आकडे आता कुणाच्या बापाला कळले नसते. मी ती यादी खाडाखोडीसकट सुबक अक्षरात उतरवली, वर लिहिलं 'एका अज्ञात कामगाराची कविता', आणि सरांच्या हातात दिली.

सर हरखले! ऐंशी पालकांसमोर त्यांनी ती पडद्यावर लावली.

सोमवार. सत्तावीस. बादली भरून ठेवा.
मंगळवार. एकतीस खोडून सत्तावीस.
बुधवार. नऊ.
गुरुवार. एकतीस खोडून सत्तावीस.
शुक्रवार. एकतीस खोडून पुन्हा सत्तावीस.
नाला तुंबला आहे.

"बघा," सर म्हणाले, "माणसांना नावं नाहीत, नुसते आकडे! कामगाराची ओळख पुसली गेली आहे. आणि तुंबलेला नाला म्हणजे काय?"

"सरकार!" मागून कोणीतरी ओरडलं.

"उत्तम! त्यामुळे वाचकाला काय वाटतं?"

"पुढे वाचावंसं वाटतं!" ऐंशी पालक एका सुरात.

मी मूठ तोंडात कोंबून बसलो होतो. आता उठायचं, खरं काय ते सांगायचं आणि शाळेला ते पत्र मागे घ्यायला लावायचं, असा माझा बेत. तेवढ्यात शेजारी ब्रायोनीचा हात वर गेला.

"सर, ही कविता नाहीये. ही फरशी पुसायची यादी आहे."

तिने पडद्याकडे बोट केलं.

"बादली आहे, वार आहेत. पण एकतीस नंबरची पाळी आली की प्रत्येक वेळी सत्तावीस नंबरवाला स्वतःला लिहून घेतोय. नऊ नंबरची पाळी मात्र त्याने जशीच्या तशी सोडली. दुसऱ्याची फरशी फुकट कोण पुसतं? त्याचं एकतीस नंबरवर प्रेम आहे. आणि तोंडाने सांगायची हिंमत नाहीये."

आता लाजेने माझ्या कानांतून धूर निघायला लागला. लिनेट हळूहळू माझ्याकडे वळली. जुन्या बाजारात तिच्या चीजच्या गाळ्याचा नंबर एकतीस होता, आणि माझ्या गाळ्याचा सत्तावीस.

"रेज क्लेग," ती म्हणाली, आणि तिला कुजबुजणं कधीच जमलं नाही, "मला वाटायचं, माझी पाळी लागत नाही ही बाजार समितीची चूक आहे!"

हॉलमध्ये हशा फुटला. पेनफोल्ड सर मात्र बीटसारखे लाल. "मिस्टर क्लेग, तुम्ही माझी थट्टा केलीत."

"केली की, सर. पण माझीही झाली. या हॉलमध्ये तो कागद फक्त एकीने वाचला, आणि तिलाच तुम्ही परीक्षेला बसवत नाही."

"परीक्षेत चौकट लागते! अशाने तिला पुन्हा दोनच पडतील."

ब्रायोनी उभी राहिली. "पडू देत, सर. पण ते दोन मला परीक्षक देईल. तुम्ही नका देऊ."

कोणीतरी खुर्ची बडवली. मग सगळ्यांनीच बडवल्या. सरांनी खिशातून न बसणाऱ्यांची यादी काढली, सगळ्यांदेखत पेन उघडलं आणि एक नाव खोडलं. खोडताना कागद फाटला.

मला शाळेच्या आवारात यायची बंदी झाली. म्हणून मे महिन्यात, पेपराच्या सकाळी, मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो, हातावर वीस बश्या पसरून. सव्वादोन तासांनी ब्रायोनी फाटकातून बाहेर आली.

"काय लिहिलंस?" मी रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडलो.

"एक कविता फालतू होती!" तीही ओरडली. "तसं लिहिलं! पुराव्यासकट!"

खिडकीतून पेनफोल्ड सर बघत होते. मी वीसच्या वीस बश्या आभाळात उडवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही झेलली नाही.