निळे अश्रू ढाळणारा व्हॉल्व

बर्फाच्या कारखान्यात देव अवतरला होता आणि त्याच्या दर्शनाला गेलेला प्रत्येक जण डोळे पुसतच बाहेर येत होता.

मशीनघरात अमोनिया वायूच्या लोखंडी पाइपावर नुकताच एक पितळी व्हॉल्व बसवला होता. त्याच्या अंगावरून निळेशार थेंब ओघळत. थेंब पुसला की घटकाभरात नवा हजर! शेजारी निळ्या शालीतले महाराज उभे होते. व्हॉल्व निळा पडला त्याच आठवड्यात स्टोअरकीपरने त्यांना आणलं होतं.

"यंत्रात प्राण आहे, बाळांनो! तो तुमच्या पापांसाठी रडतोय. याला जो पाना लावेल, त्याच्या लेकराबाळांचं वाटोळं होईल. भक्तीशिवाय असं डोळ्यांत पाणी येतं का?"

"येतं की! कांदा चिरताना मला रोज येतं," मागून आवाज आला.

आवाज शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा होता. त्यांचे यजमान याच कारखान्यात कॉम्प्रेसर चालवत, आणि त्यांचं स्टूल त्या व्हॉल्वसमोर हातभर अंतरावर होतं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो त्या स्टुलापायी.

संध्याकाळी यजमान लाल डोळ्यांनी घरी आले.

"भक्ती दाटून आली वाटतं?" बाईंनी विचारलं.

"थट्टा करू नकोस गं."

"अहो, तो वायू झिरपतोय! अमोनियाला पितळ सोसत नाही. आतून चिरत जातं. एक दिवस फुटेल, आणि समोर तुम्ही असाल. व्हॉल्व बदला."

"मला बदलता येत नाही का? पण शेठसुद्धा हात जोडून उभे असतात. आणि मी पाना लावला नि आपल्या पोरीला काही झालं तर?"

बाईंचा राग तिथेच विरला. माणूस मूर्ख नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो, त्याला डोळ्यांनी दाखवावं लागतं. बाईंनी डबे धुंडाळून भांड्यांच्या कल्हईचा नवसागर आणि भिंतीचा चुना काढला. पाण्यात दोन्ही कालवताच अमोनियाचा असा वास सुटला की शेजारीण खिडकी लावून घेत काहीतरी पुटपुटली. मग बाईंनी काचेच्या तीन बरण्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बरण्या घेऊन त्या थेट कारखान्याच्या अंगणात उभ्या राहिल्या.

"सगळे आधी मोकळ्या हवेत या! नवा देव आणलाय!"

नवा देव म्हटल्यावर मशीनघर रिकामं व्हायला वेळ लागला नाही. शेठ आले, महाराजही आले.

"तिन्ही बरण्यांत एकच पाणी आहे. पहिलीत लोखंडी खिळा, दुसरीत स्टीलचा चमचा, तिसरीत माझ्या कपाटाची पितळी किल्ली."

खिळा आणि चमचा होते तसेच होते. किल्लीभोवती मात्र पाणी निळंशार झालं होतं.

"महाराज, माझी किल्ली कोणाच्या पापांसाठी रडतेय?"

"हे... हे नुसतं रंगाचं पाणी!"

"मग वास घ्या ना." बाईंनी झाकण उघडून बरणी पुढे केली. महाराजांनी ऐटीत नाक नेलं आणि घळाघळा रडू लागले.

"बघा, महाराजांना भक्ती दाटून आली!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळं अंगण खो खो हसत सुटलं.

बाईंनी समजावून सांगितलं. गार पाइपावर दव जमतं. त्यात झिरपलेला वायू मुरतो, पितळेतलं तांबं खातो आणि पाणी निळं होतं. वायू डोळ्यांना झोंबतो, म्हणून भक्त रडतात.

शेठ स्टोअरकीपरकडे वळले. "मग पितळी आणलाच कशाला?"

"लोखंडी यायला वेळ होता, शेठ. हा माप बघूनच आणला होता. पाइपाच्या टोकाला जोडायची चकती असते ना, फ्लँज, तिच्या भोकांना भोकं बरोबर बसत होती. निळा पडल्यावर माझी पाचावर धारण बसली." त्याने महाराजांकडे बोट केलं. "हे माझे मेहुणे."

"मापं जुळली म्हणून स्वभाव जुळतात का?" बाई म्हणाल्या. "आतून काय वाहणार, ते धातूला सोसेल का, हे आधी विचारायचं. अमोनियाच्या पाइपाला फ्लँज पोलादी, तर व्हॉल्वही पोलादीच."

पण व्हॉल्व खोलायला कोणी पुढे होईना. शापाची भीती हसण्याने पुरती गेली नव्हती. तेवढ्यात यजमानांनी तोंडावर मास्क चढवला.

"मी खोलतो."

"शाप लागला तर?"

"ही बाई माझ्याच घरात राहते. आणखी कुठला शाप लागायचा राहिलाय?"

सर्वांत मोठ्याने बाईच हसल्या. पण ते आत गेल्यावर त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

यजमानांनी दोन्ही बाजू बंद केल्या, वायू उपसून घेतला, फ्लँजचे बोल्ट सोडले आणि व्हॉल्व बाहेर आणला. उन्हात धरला, तेव्हा पितळेवर केसाएवढी चीर दिसली. ती स्टुलाच्या बाजूलाच होती. यजमान तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. महाराज कधी पसार झाले, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तो व्हॉल्व आता शाळेत बाईंच्या टेबलावर असतो. मुलं विचारतात, तेव्हा त्या सांगतात, "नवल वाटलं तर जरूर वाटू द्या. पण हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा, हे असं का होतंय? त्या प्रश्नाने कोणाचंही वाटोळं होत नाही. माझ्या घरचा माणूस मात्र त्यामुळेच रोज संध्याकाळी घरी येतो."

आणि हल्ली त्याचे डोळे लाल नसतात.