पुसलेल्या नळीतली पहिली गोळी

नणंदा-भावजयांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं मात्र रायफलवरून मेतकूट जमलं होतं. थोरली नणंद नेमबाजीच्या मैदानावर बंदुका दुरुस्त करायची आणि भावजय त्या चालवायची. संघनिवडीची चाचणी तोंडावर आली, तेव्हाच भावजयीच्या रायफलची नळी झिजली. नणंदेनं नवी बसवली आणि रुळवायला घेतली.

नळी रुळवायची म्हणजे एक गोळी झाडायची, गजाला चिंधी लावून नळी लख्ख पुसायची, की पुन्हा एक. नव्या नळीच्या आतल्या खरखरीतपणात गोळीचं तांबं अडकतं, म्हणून चिंधी हिरवट निघते. ती हिरवट निघायची थांबेपर्यंत हेच दळण.

"ताई, नळी रुळवताय की बाळाला न्हाऊ घालताय?"

"तू गप झाड," नणंद चिंधीवरची नजर न काढता म्हणाली.

अखेर हिरवेपणा संपला. मग न पुसता झाडलेल्या गोळ्या एकाच भोकात जाऊन बसल्या. नणंद इतकी हरखली, की आता चाचणीपर्यंत नळी पुसू नकोस, हे सांगायचंच विसरली.

चाचणीच्या सकाळी भावजयीनं कौतुकानं रायफल पुढे केली. "बघा, पुसून पुसून नळीचा आरसा केलाय!"

नणंदेनं नळीत डोकावून पाहिलं. अति तेथे माती, ती हीच. "अगं, पुसलेल्या नळीतली पहिली गोळी भलतीकडेच जाते! जुनी नळी असं पुसणं चालवून घ्यायची, ही नवी नाही घेणार. इथे सरावाची गोळीही देत नाहीत. पहिलीच वाया गेली तर संघ विसर."

भावजयीचा चेहरा उतरला. मग तिनं डोळे बारीक केले.

"भलतीकडे नाही, ताई. वर आणि जराशी डावीकडे. दरवेळी तिथेच."

"तुला काय ठाऊक?"

"त्या दिवशी प्रत्येक गोळी पुसलेल्या नळीतूनच तर झाडली. तुम्ही चिंध्या बघत होता, मी निशाणाचा कागद."

 इतक्या नळ्या नणंदेच्या हाताखालून गेल्या, पण कागदाकडे असं बघावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. पोरीचा तिला अभिमान वाटला, थोडा हेवाही वाटला.

भावजय नेम धरायला पोटावर आडवी झाली. पहिल्या गोळीला तिनं नेम मुद्दाम खाली, जरा उजवीकडे धरला. बार झाला. दुर्बिणीला डोळा लावायचा नणंदेला धीर होईना. लावला, तर भोक बरोबर मधोमध होतं. पुढच्या गोळ्या सरळ नेमानं त्याच्याभोवतीच पडल्या.

संघात नाव लागलं. संध्याकाळी रायफल पुसायची वेळ झाली, तेव्हा नणंदेनं गज आणि चिंध्या भावजयीच्या हातात दिल्या.

"तू पूस," ती म्हणाली. "तो निशाणाचा कागद इकडे दे, मी बघते."