चिलटाच्या अंड्यातली लगबग

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण नुसतं माझ्याकडे पाहून माझी गोष्ट कळायची नाही, माझ्या नळीला डोळा लावावा लागेल. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं.

जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. पितळी नळी, जड लोखंडी पाय आणि पायाशी उजेड वर फेकणारा गोल आरसा. लाकडी पेटीत बसून मी रेल्वेनं इकडे आलो. कांद्याचा पापुद्रा, बेडकाचं रक्त, तलावाच्या पाण्यातले जीव मी मुलांना दाखवले. कोणी "बापा रे!" म्हटलं की माझा जन्म सार्थकी लागायचा. पुढे बल्बचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी पेटीसकट कपाटावर गेलो. भिंगांवर बुरशीची जाळी चढली.

गर्भाची वाढ शिकवायच्या चंद्रकांता मॅडम. फळ्यावर खडूनं गर्भ काढून बाण मारायच्या, "या पेशी इथून निघून तिथं जातात." काचेवर दाखवायला मात्र त्यांच्याकडे रंगवलेले, केव्हाचेच मेलेले गर्भ होते. त्या निवृत्त व्हायच्या होत्या त्याच आठवड्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी रीना भेटायला आली. करडी गावची ही मुलगी आता पुण्यात संशोधन करते. फळमाशीच्या, म्हणजे आपल्या चिलटाच्याच, जिवंत गर्भात पेशी कशा सरकतात, त्याचं चित्रण करते. तिनं मोबाइलवर तसं एक चित्रण दाखवलं. मॅडमनी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

"सारी नोकरी मी मेलेलंच दाखवत आली, रीना. हे जितंजागतं आपल्या डोळ्यानं कधी पाहिलंच नाही."

"मग पाहून घेऊ न मॅडम. इथंच!"

प्रयोगशाळेतले टेकचंदभाऊ हसायला लागले. "चिलटं पाहाले? सीताफळ उघडं ठेवलं का घरभर होतात ते!"

"तेच आणा काका," रीना म्हणाली.

त्यांनी खरंच सडक्या सीताफळाच्या बरणीत चिलटं पकडून आणली. चिलटांनी घातलेली रव्याच्या कणाहून बारीक अंडी रीनानं ब्रशच्या टोकानं उचलली, पातळ ब्लीचच्या पाण्यात धुऊन वरचं टरफल काढलं आणि काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली. नव्या सूक्ष्मदर्शकात ती झळाळून दिसली. पण थोड्याच वेळात आतलं सारं काळवंडून थांबलं. दुसऱ्यांदा तसंच झालं, तिसऱ्यांदाही. निवृत्तीच्या आदल्या दुपारी शेवटचं एकच चांगलं अंडं हाती उरलं होतं, आणि रीनाची गाडी संध्याकाळची होती.

रीनानं काचेखाली बोट लावून पाहिलं. "काच तापून राहिली मॅडम. एवढा उजेड सोसत नाही त्याले."

मॅडम ताडकन उठल्या. "आपल्याकडे बिनबल्बचा होता न एक? टेकचंदभाऊ, कपाटावर पाहा!"

माझी पेटी उघडली. मऊ फडक्यानं भिंगं पुसली. कडेची बुरशी काही गेली नाही. मला खिडकीशी ठेवून रीनानं ते शेवटचं अंडं माझ्या नळीखाली सरकवलं आणि आरसा आभाळाकडे वळवला. थंड, मवाळ उजेड माझ्या अंगातून वर चढला आणि मॅडमनी डोळा लावला.

एका टोकाला मूठभर गोल पेशी होत्या, मोत्यांसारख्या. पुढच्या पिढीची बीजं त्यांच्यातच. काही हलत नव्हतं.

"हाही गर्भ गेला का वं?"

"थांबा मॅडम. डोळा नका काढू."

मी नळी रोखून उभा होतो. आणि ते मोती सरकले! धान रोवणाऱ्या बाया एकमेकींच्या मधात शिरून रांग लांबवतात, तशा खालच्या पेशी एकमेकींत शिरत होत्या. त्यांची रांग लांबत गेली, टोकाला वळसा घालून पाठीवर चढली आणि त्या मोत्यांना घेऊन डोक्याकडे निघाली. धक्काबुक्की नाही, कोणी वाट चुकलं नाही.

"निघाल्या! रीना, निघाल्या वं!" मॅडमचं बोट हवेत बाणासारखं फिरत होतं. गालावरून पाणी ओघळत होतं, तरी डोळा हटला नाही. "कोणी सांगितलं यांना, कुठं जायचं ते?"

"तेच तर आम्ही अजून शोधून राहिलो, मॅडम."

टेकचंदभाऊंनी वाकून पाहिलं आणि हळूच चष्मा काढला. "बापा! एवढूशाच्या पोटात एवढं गाव चालून राहिलं?"

रीना संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमातून मॅडम हार गळ्यात तसाच ठेवून माझ्याकडे आल्या. काचेवरच्या त्याच अंड्याचं आवरण फाडून एक इवलीशी अळी बाहेर पडली, वळवळली आणि माझ्या नजरेच्या वर्तुळातून निघून गेली. मॅडमनी काच सरकवून तिचा पाठलाग केला नाही. "जाऊ दे तिले," एवढंच म्हणाल्या.

आता मी खिडकीशीच असतो. मित्रांनो, माझ्या भिंगाला बोट लावू नका, माझ्या पेटीत ओल राहू देऊ नका. आणि जिवंत काही पाहायचं असेल, तर उजेड जरा कमी करा, श्वास धरून थांबा. ते आपल्या वेळेनं चालू लागतं.