पाच चौकटी

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली मी नोएडात दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेत असे. शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये नव्या मारुती आल्या होत्या, माझ्या गॅरेजमध्ये फळा होता. दहा-बारा मुलं यायची. शेवटची वीस मिनिटं आम्ही हँगमन खेळायचो. एकाने मनात शब्द धरून तेवढ्या चौकटी आखायच्या, बाकीच्यांनी अक्षरं सुचवायची. अक्षर बरोबर आलं तर ते काना-मात्रेसकट चौकटीत लिहायचं. चुकलं तर फाशीच्या चित्राचा एकेक भाग काढायचा: आधी खांब, मग आडवी दांडी, मग दोर, शेवटी माणूस.

एका रविवारी मी माणसाचं डोकं काढत असताना अंकुर म्हणाला, "आजोबा, हे प्रणिताच्या बाबांना काढू द्या. रोजचं काम आहे त्यांचं. ते जेलमध्ये असतात."

"कैदी आहेत?" देविकाने विचारलं.

"कैदी नाही यार, जल्लाद."

मुलं हसली. दहा वर्षांच्या प्रणिताने वही दप्तरात घातली आणि ती निघून गेली. अंकुरला मी समजावलं, पण पुढचे दोन रविवार प्रणिता आली नाही. चूक माझीही होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाला वडिलांचं काम विचारलं होतं. ती "जेलमध्ये" एवढंच म्हणाली आणि मी पुढच्या मुलाकडे वळलो होतो.

त्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. प्रणिता आतल्या खोलीत होती. तिचे वडील गुणवंत म्हणाले, "मुलं आहेत काका, चालायचंच."

"तुम्ही तिथे नक्की काय करता?"

त्यांनी आवाज खाली आणला. "कैद्यांना शिवणकाम शिकवतो. सतरा वर्षं झाली."

"मग सांगत का नाही?"

"वरच्या मजल्यावर मॅनेजर, खाली कॉम्प्युटरवाले. कळलं तर सगळे पँट आखूड करायला आणून देतील."

"आणि हे करूनही देतील," चहा ठेवत प्रणिताची आई विजयाताई म्हणाल्या.

"प्रणिताला ठाऊक आहे?"

"तिने कधी विचारलं नाही," गुणवंत म्हणाले.

तिने का विचारलं नसेल, याचा मला थोडा अंदाज येऊ लागला. मी प्रणिताला बाहेर बोलावलं. कागद वडिलांपुढे ठेवला आणि त्यांना म्हटलं, "तुमच्या कामाचा शब्द धरा. ही ओळखेल."

गुणवंतांनी पाच चौकटी आखल्या. प्रणिताने त्या बोटाने दोनदा मोजल्या.

"फ," ती म्हणाली.

"नाही." त्यांनी खांब काढला.

"श."

पहिल्या चौकटीत 'शि' आलं. तिने हात मांडीवर घट्ट धरले.

"द."

"नाही."

"र."

"नाही." दांडीला दोर लटकला. गुणवंतांचा पेन तिथेच थांबला. फ, श, द, र: 'फ' नाही म्हटल्यावरही ती एकाच शब्दाची अक्षरं तपासत होती. 'फाशी देणारा'चीही पाचच अक्षरं होतात, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. अंकुर बोलण्याच्या कितीतरी आधीपासून ती हेच धरून बसली असणार.

"सुई लागते त्याला, बाळा," गुणवंत म्हणाले. "आणि दोरा."

तिने वर पाहिलं. "सिलाई?"

"मराठीत."

"शिवण." तिने चौकटी पुन्हा मोजल्या. "शिवणकाम?"

त्यांनी उरलेली चारही अक्षरं भरली. माणूस काढायची वेळ आलीच नाही.

"तू घरात कधी काही बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हीपण नाही." मग, "कैदी नीट शिकतात का?"

"काही जण. काहींचा टाका तुझ्या अक्षरासारखा, तिरका जातो."

"वर्गात सांगितलं तर चालेल?"

गुणवंतांनी विजयाताईंकडे पाहिलं. "सांग," शेवटी ते म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रणिता आली. वर्ग सुरू होण्याआधी उभी राहून म्हणाली, "माझे बाबा जेलमध्ये शिवणकाम शिकवतात. कैदी शर्ट शिवतात."

"काज पण करतात?" अंकुरने विचारलं.

"मशीनवर," ती म्हणाली आणि त्याला सरकायला सांगून बाकावर बसली.