मेजावर आवळलेला शिकंजा

मी एक लोखंडी शिकंजा. सरस लावलेल्या दोन फळ्या जबड्यात घट्ट आवळून धरायच्या, हे माझं काम. धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सोडणं मात्र माझ्या हातात नाही. त्यासाठी माझी मूठ उलटी फिरवणारा माणूस लागतो.

माझे मालक दोन सुतार भाऊ. थोरल्याने मला कोरा करकरीत विकत आणलं, धाकटा मला तेल द्यायचा. थोरला त्याला सारखा बजावायचा, "सरस वाळला की लगेच सोड रे. उगाच आवळून ठेवलंस तर लाकडावर वळ उठतात."

"दादा, हे तू झोपेतसुद्धा बडबडतोस. वहिनीला विचार!" धाकटा म्हणायचा.

एकदा चर्चसाठी प्रभुभोजनाचं मेज करायचं काम आलं. दोघंही हरखून गेले. त्या सकाळी थोरल्याने मेजाच्या वरच्या फळ्या जोडून मला त्यांच्यावर आवळलं आणि दोघं पायांसाठी लाकूड कापायला यंत्राकडे वळले. दुकानाचा एक नियम होता. लाकडावर ज्याचा हात, त्याने "चालू" म्हटल्याशिवाय दुसऱ्याने बटण दाबायचं नाही. धाकट्याला गायनाच्या सरावाला पोचायची घाई होती. तो थांबला नाही. थोरल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळातून आल्यावर थोरला एवढंच म्हणाला, "त्याने पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही." धाकटा कितीदा तरी दाराशी येऊन रडला, हात जोडून उभा राहिला. शेवटी येईनासा झाला. ह्या सगळ्यात मला सोडवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षं गेली. पुसायचा राहिलेला सरस माझ्या जबड्यांना चिकटून दगड झाला. स्क्रू गंजला. मी मेजाला धरलं होतं की मेजाने मला, तेच कळेना. थोरला उरलेल्या बोटांनी जमेल तेवढी किरकोळ कामं करायचा आणि येता-जाता माझ्यावर टोपी टांगायचा. ओरडावंसं वाटे. पण जबडे मिटलेले, ओरडणार कसा?

मागच्या खोलीत रोज संध्याकाळी नवरा-बायको प्रार्थनेला बसत. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की थोरल्याचा आवाज गडप होई आणि पुढच्या ओळीला परत येई. बायको ती ओळ मुद्दाम खणखणीत म्हणे. एका संध्याकाळी त्या ओळीशी तीही गप्प झाली.

"म्हण की," थोरला म्हणाला.

"तुमच्या वाटची मी किती दिवस म्हणायची? घसा बसला माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यापाशी आला. टोपी काढली, मूठ पकडली. तीन बोटांत जोर कुठला यायला? हात पुनःपुन्हा निसटला. घामाघूम होऊन तो मेजावर डोकं टेकून रडला. आपण असेच गंजून जाणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. इतक्यात त्याने हाक मारली, "अगं, त्याला बोलाव."

"कुणाला?"

"आता माझ्याकडून वदवून घेणार का? माझ्या भावाला!"

धाकटा आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याचे केस पांढरे झाले होते.

"ये आत," थोरला म्हणाला. "माझ्या एकट्याने सुटत नाही."

धाकट्याने माझी मूठ धरली. तिच्यावर थोरल्याने आपला तीन बोटांचा हात ठेवला. तो पाहून धाकट्याला हुंदका आवरेना. "दादा, मी..."

"माहीत आहे रे. मी माफ केलंय तुला. राग अजून येतो, उद्याही येईल. तरी माफ केलंय. फिरव."

तरी धाकटा हलेना. नुसता भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. थोरल्याला जरा वेळाने उमगलं.

"चालू," तो म्हणाला.

कडकड आवाज करत मी सुटलो. मेजावर माझ्या जबड्यांचे दोन खोल वळ उमटले होते. धाकटा ते घासायला निघाला, तर थोरल्याने त्याला थांबवलं. पुढे दोघांनी मिळून मेजाला पाय बसवले. आज ते मेज चर्चमध्ये आहे आणि पांढऱ्या कापडाखाली ते वळही आहेत.

मी खिळ्याला टांगलेला असतो. सांधे अजून ठणकतात. तरी पुन्हा काहीही आवळून धरायला सांगा, धरीन. फक्त सरस वाळला की सोडायला या.