जोडा, पुसू नका

दीपानं लिहिलेल्या एका ओळीनं तिच्या आत्याचं गावभर हसं केलं. ओळ एवढीच होती : 'हे साधन बातमीचा मसुदा सेव्ह करतं.'

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका गोदामाच्या माडीवर 'गावबोली' नावाच्या पोर्टलचं ऑफिस आहे. खेड्यातली माणसं फोनवर बोलतात, एआय एजंट ते ऐकून बातमीचा मसुदा लिहितो आणि ठेवून देतो. मग कोणीतरी तो वाचून छापायचा. एजंटच्या हाताशी कोणती साधनं आहेत, ती काय करतात, कधी वापरायची, हे शब्दांत लिहून देणं दीपाचं काम. एजंटला दुसरं काही दिसत नाही, लिहून दिलं तेवढंच त्याला कळतं. पण मालक सुनीलसर म्हणाले होते, "पुराण नको लिहू, एक ओळ पुरे." दीपा तेव्हा नवी होती. मान डोलावली आणि फसली.

इंदूबाई ही तिची सख्खी आत्या, वणीकडच्या एका खेड्यातली. गावाजवळच्या कोळसा खाणीच्या धुळीवर बोल म्हणून दीपानंच तिला गळ घातली होती. आत्या रोज कापूस वेचायला जाते. दुपारी बांधावर भाकर सोडली की पाच मिनिटं फोन हाती येतो, तेवढाच. म्हणून तिनं तीन दिवसांत तीन तुकड्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी ट्रक : शाळेसमोरून ताडपत्री न टाकता कोणते जातात, नंबरासकट. दुसऱ्या दिवशी खोकला : कोणाच्या घरात किती जण खोकतात, नावानिशी. तिसऱ्या दिवशी जाता जाता म्हणाली, "हो, अन् वाळू घातलेलं लुगडं संध्याकाळी काळं होते."

एजंटनं तिन्ही वेळा इमानेइतबारे सेव्ह केलं. बाई तीच, विषय तोच, म्हणून पहिल्यावर दुसरं आणि दुसऱ्यावर तिसरं. खालचं सगळं पुसलं गेलं. बोलण्याच्या फायली तर मसुदा झाला की आपोआपच पुसल्या जातात. सुनीलसरांनी उरलेलं न बघताच छापलं : 'धुळीनं लुगडं काळं होतं, इंदूबाईंची तक्रार.'

गाव हसलं, हसणारच. पानठेल्यावर भगवानराव, ज्यांचे स्वतःचे दोन ट्रक खाणीवर चालतात, म्हणाले, "अरे, साबणाची वडी पाठवा रे कोणी इंदूबाईले!" येत्या सोमवारी ग्रामसभेत धुळीचा विषय होता. मोबाइल दाखवून 'गावाची तक्रार एवढीच' असं म्हणायला भगवानराव टपलेलेच होते.

गुरुवारी सकाळी दीपा सरांपुढे उभी राहिली. "सर, वर्णन अर्धवट होतं. मीच लिहिलेलं. आज बदलून राह्यली."

"बदलतेस तर असं लिही, एका माणसाचा एकच निरोप घ्यायचा. सांगायचं ते एकदम सांगा म्हणा. बायांले धड सांगता येत नाही, त्याले मशीन काय करीन?"

दीपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या चुकीचं खापर आत्याच्या डोक्यावर? वा रे वा!

"सर, कापूस एका वेच्यात निघते का? बाई बांधावर बसून बोलते, तुमच्यासारखी पंख्याखाली नाही. तिनं तिच्या सवडीनं सांगावं अन् आपण सांभाळून ठेवावं. मी असलं लिहिणार नाही."

"ऑफिस माह्यं आहे. जमत नसन तर उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं उद्या पाहू. आज तर आहो ना मी?"

आणि ती बसली लिहायला. पुराण तर पुराण! 'कोणी काही सांगितलं की हे साधन वापरा. आधी बघा, या माणसाचा या विषयावर मसुदा आहे का. असेल तर नवं त्याच्याखाली जोडा. जुनं पुसू नका. सांगणाऱ्यानं स्वतः काढा म्हटलं तरच काढा. माणसं तुकड्यांनी सांगतात. थांबली म्हणजे संपलं असं समजू नका. आतापर्यंत जमलेलं सगळं वाचून दाखवा आणि अजून काही आहे का विचारा. हे साधन छापत नाही. छापायचं माणसानं.' जोडायची सोय साधनात पहिल्यापासून होती. एजंटला ती कोणी सांगितलीच नव्हती. दीपानं स्वतःच पाच तुकडे बोलून पाहिले. पाचही एकाखाली एक लागले.

मग तिनं आत्याला फोन लावला. आत्या कडाडलीच, "पुन्हा सांगू? मी काय कॅसेट आहो? साऱ्या गावानं दात काढले माह्यावर!"

"चूक माही आहे, आत्या. मशीनची नाही अन् तुही तर नाहीच." मग दीपानं सांगूनच टाकलं, "पण सर म्हणते, बायांले धड सांगता येत नाही."



"असं म्हणते काय तो? लाव तुहं ते मशीन."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दुपारी इंदूबाई बोलली. एजंट दरवेळी आधीचं वाचून दाखवी आणि विचारी, अजून काही आहे का. आणि असायचंच. रविवारी दीपानं सगळं दोनदा वाचलं, ट्रकांचे नंबर आत्याकडून पुन्हा पडताळले आणि जुन्या बातमीच्याच जागी, मथळा तोच ठेवून छापलं. सरांना विचारलं नाही. सोमवारी ऑफिसला न जाता ती सरळ वणीच्या बसमध्ये बसली.

ग्रामसभेत भगवानराव उठले, मोबाइल काढला. "हे पाहा, 'गावबोली'तच आलं आहे. मीच वाचून दाखवतो," म्हणाले आणि जुनीच बातमी समजून मोठ्यानं वाचू लागले. शाळा आली, ताडपत्री आली, पहिला नंबर आला. दुसऱ्या नंबराचे दोन आकडे वाचले आणि त्यांचा आवाज बसला. ट्रक त्यांचाच होता.

कोणी हसलं नाही. बायांच्या रांगेतून इंदूबाई पदर खोचत उभी राहिली.

"थांबले काहून, भगवानराव? वाचा ना. खाली अजून आहे."